‘हँड’ या शब्दाची हजेरी



‘हँड’ हा विषय आम्ही कळवला तेव्हा व्याख्यानमालेच्या चिटणीसांना ते हस्तसामुद्रिकावरचे व्याख्यान वाटले. तसे असते तर आज गर्दी अधिक झाली असती. पण भविष्य सांगण्याची विद्या आमच्यापाशी नाही. आमचे इंग्रजीही शाळेत पुरे झालेले नाही. करारपत्रे, आरोपपत्रे आणि कोर्टाच्या नोटिसा उलगडता उलगडता ते जमवलेले आहे. असल्या कागदांवर शिकलेला माणूस शब्दांकडे जरा संशयानेच पाहतो. एका शब्दाचे दोन अर्थ होत असले, तर त्यातला कोणता आपल्याला लागू व्हायचा याची त्याला धास्ती असते.

हँड म्हणजे हात, इथे भांडण नाही. पण इंग्रज माणूस घड्याळाकडे पाहतो तेव्हा त्याला तिथेही हात दिसतात. आपल्याला काटे दिसतात. केळ्यांच्या घडातली जी आपली फणी, ती त्याचा हात, आणि फणीतले एकेक केळे म्हणजे बोट. पत्त्यांच्या डावात वाटून आलेली सगळी पाने मिळून त्याचा ‘हँड’ होतो. आपल्याकडे चौघांची पाने पडून जो जिंकायचा तो हात. घोड्याची उंचीही तो हातांनीच मोजतो, मात्र त्याचा हा हात चार इंचांचा. आपला हात कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, म्हणजे अदमासे दीड फुटाचा. तेव्हा इंग्रजी पुस्तकातला पंधरा ‘हँड’ उंचीचा घोडा कोणी मराठीत जसाच्या तसा पंधरा हातांचा करून ठेवला, तर तो गावच्या वेशीतून आत यायचा नाही.

काही ठिकाणी मात्र दोन्ही भाषा एकाच चाळीत वाढल्यासारख्या बोलतात. रोज मिळवून रोज खाणाऱ्याविषयी इंग्रजीत म्हणतात की याचे हातातून थेट तोंडात जाते. आपण म्हणतो, याचे हातावर पोट आहे. आम्हाला आपले अधिक खरे वाटते. इंग्रजाच्या बोलण्यात हात आणि तोंड यांच्यामध्ये थोडे तरी अंतर आहे. अलीकडे नोकरीला लागलेली मुले ‘इन हँड किती?’ असे विचारतात, तेही आपल्या ‘हातात किती पडतात?’ याचेच रूप. या प्रश्नात कपातींचा सगळा इतिहास आलेला आहे. पगार कागदावर किती, याला कामगार फारशी किंमत देत नाही.

आता थोडे लॅटिनकडे जाऊ. घाबरू नका, लवकर परत येऊ. लॅटिनमध्ये हाताला ‘मानुस’ म्हणतात. त्याचा आपल्या माणसाशी संबंध नाही, ऐकायला मात्र मौज वाटते. या मानुसची संतती आमच्या कारखान्यात जिकडे तिकडे पसरली आहे. ‘मॅन्युफॅक्चर’ म्हणजे मुळात हाताने केलेले. आज त्याच शब्दाने यंत्रातून निघालेला माल ओळखतात. ‘मेंटेनन्स’ म्हणजे हातात धरून ठेवणे, आणि मेंटेनन्स खात्यातला फिटर दिवसभर तेच करत असतो. खुद्द ‘मॅनेजर’ही हाताचाच. इटालियन भाषेत घोडा हाताळण्याला, त्याला चालीवर आणण्याला जो शब्द होता, त्यातून हा निघाला. आमच्या ओळखीच्या काही मॅनेजरांना ही व्युत्पत्ती कोणी न सांगताच कळलेली दिसते. शल्यवैद्याचा ‘सर्जन’ ग्रीकमधून आला. त्याचा मूळ अर्थ हाताने काम करणारा. म्हणजे सर्जनसाहेब आणि आम्ही मुळात एकाच खात्यातले. आणि गुलामाच्या मुक्तीला इंग्रजीत जो ‘इमॅन्सिपेशन’ शब्द आहे, त्याचाही गाभा हातच आहे: धन्याच्या किंवा पित्याच्या हातातून सोडणे. रोमन कायद्यात बाप जिवंत असेपर्यंत त्याचा अधिकार मुलाला बांधून ठेवी. तो सोडण्याचा जो विधी असे, त्याचे हे नाव.

फारसीतही हाच प्रकार. तिथे हात म्हणजे ‘दस्त’. त्याचेच आपले दस्तऐवज आणि दस्तखत. संस्कृतात कर म्हणजे हात, आणि कर म्हणजे सरकारपट्टीही. पंडित या दोहोंचे नाते काय लावतात ते लावोत. भरणाऱ्याला ते पटलेलेच असते.

आता ज्यासाठी हा विषय घेतला तिकडे येऊ. इंग्रजीत ‘हँड’चा आणखी एक अर्थ आहे: हाताने काम करणारा माणूस. गिरण्या निघण्याच्या आधीपासून जहाजावरच्या खलाशांना ‘हँड्स’ म्हणत. गिरण्या आल्या आणि शब्द किनाऱ्यावर उतरला. चार्ल्स डिकन्स १८५४ साली प्रेस्टनच्या गिरणी कामगारांचा लढा चालू असताना ते गाव पाहून आला, आणि त्याच वर्षी त्याची ‘हार्ड टाइम्स’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तीत गिरणीतल्या माणसांना सरसकट ‘हँड्स’ म्हटले आहे, आणि त्या म्हणण्यात किती उपरोध आहे हे वाचणाऱ्याला लगेच समजते. योग असा की त्याच १८५४ साली मुंबईत कावसजी दावर यांची कापड गिरणी कंपनी स्थापन झाली. १८५६ मध्ये गिरणी चालू झाली. साच्यांबरोबर शब्दही बोटीतून आला.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची जी पहिली संघटना उभी केली तिचे नावसुद्धा ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’. याच लोखंड्यांच्या चळवळीतून १८९० साली गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली. आज सुटीच्या दिवशी निवांत चहा पिणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे, कोण जाणे. संघटनेने मालकाचाच शब्द उचलला, याचे आम्हाला वैषम्य वाटत नाही. अर्ज इंग्रजीत करायचे होते आणि वाचणारे इंग्रज होते. मराठीत मात्र आपण ‘गिरणीतले हात’ असे कधी म्हटले नाही. कामगार म्हटले, त्यात काम आले. मजूर म्हटले, त्याच्या फारसी मुळात मोबदला आहे. अवयवाचे नाव आपण माणसाला दिले नाही. कारखानदारीच्या बोलण्यात आता ‘हँड्स’ मागे पडला आहे. त्याच्या जागी ‘मॅनपॉवर’ आला. पूर्वी निदान एक अवयव तरी होता, आता अश्वशक्तीसारखी नुसती शक्ती उरली.

शब्दाने माणसाचा हात केला, तर कायद्याने हाताचा हिशेब मांडला. १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. त्याच्या परिशिष्टात, पुढे ते दुरुस्त झाल्यावर, कोणता अवयव गेल्याने कमाईची ताकद शेकडा किती घटली असे धरायचे, याची यादी आहे. दोन्ही हात गेले तर १००. एक हात गेला, किंवा एका हाताचा अंगठा आणि चारही बोटे गेली, तर ६०. नुसता अंगठा ३०, तर्जनी १४, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. आता बेरीज करा: ३० आणि १४, ४४; त्यात १२, ५६; आणि दोन वेळा ७; झाले ७०. सुटी बोटे सत्तरांची आणि सगळा हात साठाचा. घाऊक मालाला सूट देण्याची व्यापारी रीत इथेही पाळलेली दिसते. तरीही आम्ही त्या यादीला नावे ठेवणार नाही. ती नव्हती तेव्हा हात गेला की नोकरी जाई आणि बोलणे तिथेच संपे.

प्रेस शॉपमध्ये पत्र्याचे भाग ठोकतात, तिथे हे हिशेब पुष्कळ वेळा मांडावे लागतात. प्रेसला दोन बटणे असतात आणि दोन्ही एकदम दाबल्याशिवाय ती खाली येत नाही. युक्ती साधी आहे: दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे साच्याखाली नसतात. पण उत्पादनाचा आकडा गाठायचा झाला की जुन्या प्रेसवर एक बटण लाकडी पाचर ठोकून कायमचे दाबून ठेवतात. मग एक हात बटणावर राहतो आणि दुसरा पत्रा सरकवायला मोकळा होतो. मोकळा झालेला हातच जातो. चौकशीच्या वेळी ती पाचर कोणालाच सापडत नाही.

शेवटी अंगठ्याविषयी. १८५८ साली बंगालमध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या अधिकाऱ्याने रस्त्याच्या सामानाचा ठेका राज्यधर कोनाई यांना दिला, आणि करारावर त्यांच्या सबंध पंजाचा छाप घेतला. पुढे माणूस ओळखण्यासाठी बोटांचे ठसे घेण्याचे जे शास्त्र झाले, त्याचा हा आरंभ मानतात. आपल्या दस्तांवरही ‘निशाणी डावा अंगठा’ पिढ्यान्‌पिढ्या चालली. आता फाटकावर यंत्र आहे. बोट ठेवले की हजेरी लागते. पण ज्याने वीस वर्षे चुन्यात, सिमेंटात किंवा कापणीयंत्राच्या तेलकट पाण्यात हात घातले, त्याच्या बोटावरच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्र त्याला ओळखत नाही. तो दिवसभर काम करतो आणि कागदावर गैरहजर राहतो. रेशनच्या दुकानातही त्याची हीच गत होते.

एका कारखान्यात या प्रश्नावर आम्ही चार महिने बोलणी केली. अशांसाठी फाटकावर सहीची वही ठेवायला व्यवस्थापन तयार झाले. मसुदा आला, त्यात शब्द होते: ‘सदोष बोटे असलेले कामगार’. वही मिळते आहे तर सही करून टाका, असे आमच्यातलेही काही म्हणाले. आम्ही मसुदा परत केला. ज्या बोटांनी कारखान्याचा माल निघाला ती सदोष आहेत असे लिहून दिले, तर उद्या त्याच कलमावर बोट ठेवून माणसाला अपात्र ठरवता येते. आणखी दोन बैठका झाल्या. अखेर ‘ज्यांचे ठसे यंत्राला वाचता येत नाहीत असे कामगार’ हे शब्द ठरले आणि करारावर सह्या झाल्या. वही फाटकावर आहे; तीत दर पाळीला अकरा-बारा नावे पडतात.