परिचय-पत्रातला तो रकाना खोडा



संमेलनाच्या अध्यक्षाने मराठीच्या भवितव्याची चिंता करावी, अशी रीत आहे. ती चिंता मी आज थोडक्यात आटोपतो. 1956 साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपला छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. तरी आपण घरातली मराठी सोडली नाही. 2023 मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. भाषा टिकली, याचा मला अभिमान आहे. पण या टिकवलेल्या भाषेत आपण आपल्या लेकींशी काय बोलतो? ‘तुला मंगळ आहे बाई, आता फार अटी घालू नको.’ एवढ्यासाठी भाषा टिकवायची असेल, तर मला या खुर्चीत बसायचे नाही.

मंगळाचा हिशेब एकदा मांडूच. पत्रिकेत स्थाने 12. त्यांतल्या पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी मंगळ आला की मुलगी मंगळी. म्हणजे बारांपैकी पाच स्थाने दोषाची. शंभर मुली घेतल्या तर चाळीसच्या वर मंगळी निघणार. मुलगेही तितकेच. जवळपास निम्म्या माणसांत निघणाऱ्या गोष्टीला दोष म्हणायचे, मग त्यावर अपवाद काढायचे, शांती सांगायची, दक्षिणा घ्यायची! नाडीचेही तेच. 27 नक्षत्रे, नाड्या तीन, प्रत्येकीत नऊ नक्षत्रे. कोणतीही दोन माणसे उचला, तिनांतून एकदा एकनाडी येणारच. पत्रिका जुळवण्याच्या 36 गुणांपैकी आठ तिथेच गेले. ज्या पोराला इंजिनिअरिंगची गणिते सोडवता येतात, त्याला हे गणित दिसत नाही, की दिसूनही तो बापासमोर गप्प बसतो?

‘आमच्या गुरुजींचे खरे ठरते’, असे सांगणारे या मंडपातही असतील. खरे-खोटे तपासून झाले आहे. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी 2008 मध्ये पुण्यात ज्योतिषांचीच चाचणी घेतली. सोबत अंधश्रद्धा निर्मूलनाचे नरेंद्र दाभोलकर होते, संख्याशास्त्राचे सुधाकर कुंटे होते आणि स्वतः ज्योतिषाचा अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडेही होते. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका गोळा केल्या. ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका दिल्या आणि कोणती कोणाची ते ओळखायला सांगितले. 27 ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. बरोबर आली 46 टक्के. नाणे उडवले असते तरी निम्मी बरोबर आली असती. आणि आपण? आपल्या मुलीचे आयुष्य त्यांच्या हातात देतो.

यावर शिकलेली माणसे मला विद्यापीठे दाखवतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2001 मध्ये ज्योतिषाचे अभ्यासक्रम आणले, सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये ते रद्द करायला नकार दिला, हे मला ठाऊक आहे. अभ्यासक्रम चालवायला परवानगी मिळाली म्हणून मंगळ कोणाच्या नवऱ्याला मारतो, हे सिद्ध झाले नाही.

खरे दुखणे निराळेच आहे. सोयरीक बोलायला पाहुणे येतात, चहा-पोहे होतात, मुलीचा रंग पाहतात, बापाची संत्र्याची बाग किती, ते पाहतात. मनासारखे जमले तर न जुळणाऱ्या पत्रिकेलाही तोड निघते. देण्याघेण्यात बिनसले की दोन दिवसांनी निरोप येतो, ‘गुण मिळत नाहीत.’ हुंडा मागितला असे कोणी म्हणू नये, मुलगी काळी म्हणून नाकारली असे म्हणू नये, म्हणून सगळे ग्रहांवर ढकलायचे. मुलीला वाटत राहते की कमी आपल्यातच आहे. टीव्हीवरच्या मालिका आणि मोबाइलवरचे रील तिला तेच शिकवतात: घरात काही वाईट घडले, तर सून पांढऱ्या पायाची. रोजचे राशिभविष्य घ्या. 140 कोटींचा देश आणि राशी बारा. एका राशीत अकरा कोटींहून जास्त माणसे आली. त्या सगळ्यांना आज धनलाभ?

ग्रहांवर ढकलण्याची ही सवय आपल्या गावच्या गोष्टीशी ताडून पाहा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर आपण गोटमार करतो. पात्रात पळस रोवतो, पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर उभे राहून एकमेकांवर दगड फेकतात, दरवर्षी शेकडो डोकी फुटतात, जीवही गेले आहेत. जमावबंदी लावून झाली, दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन झाले. आणि आपण सांगतो ती कथा काय? पांढुर्ण्याचा मुलगा, सावरगावची मुलगी, एकमेकांना पसंत केले, निघाले आणि नदीत दगडांखाली मेले. त्या दोघांना कुठल्या ग्रहाने मारले? माणसांनी मारले, या दोन काठांवरच्या. ती कथा सांगताना आपण हळहळतो आणि घरी येऊन आपल्या पोरीच्या पसंतीवर पुन्हा पत्रिका आपटतो. मी इथलाच आहे, चंडीमातेपुढे मीही हात जोडतो. पण ही दुटप्पी हळहळ मला सहन होत नाही.

लग्नाआधी काही जुळवायचेच असेल, तर रक्त जुळवा. आपल्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, आदिवासी पाड्यांवर आहे आणि इतर जातींतही आहे. 1 जुलै 2023 रोजी याच राज्यात, शहडोलला, सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तपासणी करून कार्ड देतात. नवरा-नवरी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारांत एक. ते मूल सांधे धरून रात्रभर रडते, रक्त चढवायला त्याला नागपूरला न्यावे लागते. हे आधी कळू शकते, तेही सरकारी दवाखान्यात, रक्ताच्या एका थेंबातून. छत्तीस गुण जुळवलेल्या किती घरांनी ही तपासणी करून घेतली?

म्हणून इथे बसलेल्या सर्व समाजांच्या पदाधिकाऱ्यांना माझे जाहीर मागणे आहे. तुम्ही वधू-वर परिचय मेळावे भरवता, पुस्तिका छापता. त्यांत ‘मंगळ आहे / नाही’ असा रकाना असतो. पुढच्या पुस्तिकेतून तो काढा आणि तिथे ‘सिकलसेल तपासणी: झाली / नाही’ असे छापा. रास, नाडी, गण यांचे रकानेही काढा. ज्यांना हे मान्य नसेल, त्यांनी आत्ता माइकवर येऊन सांगावे की मंगळाने अमुक घरात अमुक केले. मी ऐकायला थांबलो आहे. आणि हे मान्य असेल, तर आजच्या ठरावांत हा ठराव पहिला घ्या, मराठी शाळांचा दुसरा.