दिव्याची मधली पायरी



बेळगावच्या पश्चिमेस असलेल्या आमच्या बेळगुंदीत पावसाळ्याच्या रात्री फार लांब वाटतात. कंदिलाच्या काळी निजताना वात खाली करून ठेवण्याची रीत होती. उठणाऱ्याला उंबरा दिसावा आणि निजलेल्याची झोप मोडू नये, एवढाच तो उजेड. पुढे वीज आली. दिवा एक तर पुरता लागू लागला, नाही तर पुरता विझू लागला. मधली पायरी नाहीशी झाली.

गेल्या पावसाळ्यात माझी वृद्ध आई रात्री उंबऱ्याला अडखळून पडली. दिवा का लावला नाहीस, असे विचारता ती म्हणाली, "पोरं झोपली होती रे." त्या उत्तराने मी बेचैन झालो आणि माजघरातील बटणाच्या जागी डिमर बसविण्याचे ठरविले.

नाटकगृहातून प्रकाश मंद करण्याची साधने पूर्वीपासून होती; पण ती अवजड असत आणि त्यांपैकी पुष्कळशी अडविलेली वीज उष्णतेच्या रूपाने वाया घालवीत. 1959 च्या सुमारास अमेरिकेतील जोएल स्पायरा यांनी अर्धवाहकाचा उपयोग करून भिंतीतल्या बटणाच्या जागी मावेल असा घरगुती डिमर सिद्ध केला. त्याची युक्ती अशी: आपल्या घरच्या विजेच्या सेकंदाला शंभर अर्धलहरी येतात. डिमर प्रत्येक अर्धलहरीचा काही भाग अडवितो आणि उरलेला दिव्याकडे सोडतो. ही उघडझाप इतकी जलद होते की डोळ्यांना केवळ मंद प्रकाश जाणवतो.

मी डिमर आणला आणि वायरमनला बोलावून बसवून घेतला. दिवा मात्र लुकलुकू लागला. दोष डिमरचा नव्हता, माझ्या निवडीचा होता. साधा एलईडी बल्ब अशी तुटक लहर मानत नाही. 'डिमेबल' असे छापलेलाच बल्ब घ्यावा लागतो. शिवाय डिमरला किमान भार लागतो. चाळीस वॅटच्या खाली न चालणाऱ्या डिमरवर सात वॅटचा एकटा बल्ब लावला, तर तो स्थिर कसा राहणार? ट्यूबलाइटला हा डिमर चालत नाही, आणि पंख्याचा रेग्युलेटर दिव्याला जोडू नये.

परंतु खरा धडा पुढेच होता. बल्ब बदलण्यापूर्वी वायरमनने बटण बंद करून होल्डरला टेस्टर लावला, टेस्टर लागला! तो म्हणाला, "गुरुजी, दिवा विझतोय, पण होल्डरात वीज हायच की!" आमच्या जुन्या लाकडी बोर्डावर बटण फेजऐवजी न्यूट्रलच्या तारेत जोडलेले होते. बटण बंद करून आम्ही वर्षानुवर्षे निर्धास्तपणे त्या होल्डरला हात लावीत आलो होतो. डिमरच्या निमित्ताने ती चूक उघडकीस आली, हे आमचे भाग्यच म्हणावयाचे.

म्हणून सांगणे एवढेच. बोर्ड उघडण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा. टेस्टर आधी चालू प्लगवर तपासून घ्यावा, मग बोर्डातील प्रत्येक तारेला लावून पाहावा. डिमर फेजच्या तारेतच यावा. जिन्याच्या दिव्यासारखी दोन ठिकाणची बटणे असतील, तर त्यासाठी योग्य असाच डिमर मागावा. आणि ज्ञान अपुरे असेल, तर जाणत्या वायरमनला बोलावण्यात कमीपणा मानू नये. त्याची मजुरी जिवापेक्षा महाग नाही.

आता आमच्या माजघरात रात्रभर मंद उजेड असतो. आई झोपण्यापूर्वी स्वतः डिमर फिरवून प्रकाश कमी करते. परवा ती मुलांना म्हणाली, "वात खाली केलीय हं, आता निजा." यंत्र नवे आहे, तिचा शब्द मात्र जुनाच राहिला. तो आम्ही कोणी दुरुस्त केला नाही.