उझी माशी : नर-मादीची ओळख आणि रेशीम शेतीचे अर्थकारण

(अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



माशीतील नर कोणता व मादी कोणती, हा प्रश्न वरकरणी प्राणिशास्त्राचा आहे. परंतु तुती रेशीम उत्पादकाचे उत्पन्न ज्या परोपजीवी माशीमुळे घटते, तिच्याबाबत हा प्रश्न अर्थशास्त्राच्या कक्षेत येतो.

उझी माशी ही पश्चिम बंगालमधील जुनी कीड. १९८० मध्ये कोषांच्या वाहतुकीबरोबर ती कर्नाटकात पोहोचली आणि दक्षिणेतील रेशीम पट्ट्यात पसरली. मादी रेशीम कीटकाच्या अंगावर टाचणीच्या टोकाएवढे पांढरट अंडे चिकटवते. दोन-तीन दिवसांत त्यातून बाहेर पडलेली अळी कीटकाच्या शरीरात शिरते. त्या जागी काळा डाग उमटतो. आतील भागावर पोसून ती बाहेर येते आणि भेगांत किंवा भुसभुशीत मातीत पुपा अवस्थेत जाते. सुमारे १० ते १२ दिवसांनी नवी माशी उडते.

मादीचा रोख प्रामुख्याने कीटकांच्या चौथ्या व पाचव्या अवस्थेवर असतो. एकूण पाल्यापैकी ८० टक्क्यांहून अधिक पाला पाचव्या अवस्थेतच लागतो. म्हणजे खर्च जवळजवळ पूर्ण झाल्यावर पीक हातचे जाते. कीटक कोष विणण्यापूर्वी मेला तर उत्पादन शून्य. कोष विणल्यानंतर अळी तो भोकसून बाहेर पडली, तर त्याचा अखंड धागा निघत नाही आणि भाव कोसळतो.

ओळख कशी पटवावी?

संगोपनगृहातील सापळ्यात मेलेल्या माशा पांढऱ्या कागदावर घ्याव्यात आणि हातभिंगातून पाहाव्यात. दोघांच्याही छातीवर चार काळे उभे पट्टे असतात. त्यावरून लिंग कळत नाही. नर सामान्यतः मादीपेक्षा किंचित मोठा असतो. मात्र अळीला अन्न कमी मिळाले तर माशी लहान राहते, म्हणून केवळ आकारावर विसंबू नये. डोक्याकडे समोरून पाहावे : दोन डोळ्यांमधील कपाळपट्टी मादीत रुंद, तर नरात अरुंद असते. नंतर पोट पाहावे : नराच्या पोटाच्या बाजूंवर राठ केस अधिक दाट असतात आणि खालच्या टोकाशी तपकिरी-नारिंगी छटा दिसते. ही लक्षणे एकत्र जुळली, तरच निष्कर्ष काढावा.

मोजणीचे मूल्य

समजा, दोन संगोपनगृहांत प्रत्येकी २० माशा सापडल्या. एकीत १५ माद्या, दुसरीत ५. एकूण संख्या समान असली तरी धोका समान नाही. एका मादीने ३०० अंडी घातली व प्रत्येक कीटकावर दोन अंडी पडली, असे गृहीत धरल्यास ती एकटी १५० कीटक निकामी करू शकते. मादीची नोंद ठेवणारा शेतकरी उपायाचा खर्च आणि टळणारे नुकसान यांची तुलना अधिक अचूकपणे करू शकतो. अर्थात नरही दुर्लक्षणीय नाही; फलित अंड्यांसाठी तो आवश्यकच असतो. अमेरिकी शास्त्रज्ञ निपलिंग यांनी स्क्रूवर्म या जनावरांच्या परोपजीवी माशीविरुद्ध हेच सूत्र वापरले. तिची मादी बहुधा एकदाच समागम करते. म्हणून प्रयोगशाळेत वंध्य केलेले नर मोठ्या संख्येने सोडून १९५४ मध्ये क्युरासाव बेटावर ती नष्ट करण्यात यश आले.

सामूहिक कृतीची गरज

जाळीचे दरवाजे-खिडक्या, सापळे, अंडीनाशक फवारा आणि उझीच्या पुपावर वाढणाऱ्या ‘नेसोलिंक्स थायमस’ या परोपजीवी कीटकाचे प्रसारण, हे उपाय उपलब्ध आहेत. तथापि माशी बांध ओळखत नाही. एका घरातील निष्काळजीपणाची किंमत शेजारी मोजतो. यालाच आपण ऋण बाह्यता म्हणतो. उलट, एकाने केलेल्या बंदोबस्ताचा लाभ सर्वांना मिळतो, त्यामुळे प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहतो. केवळ बाजारयंत्रणा हा पेच सोडवू शकत नाही. गावपातळीवरील एकत्रित वेळापत्रक आणि शासकीय विस्तार सेवा यांची जोड त्यासाठी लागते.

भिंगाची किंमत अल्प आहे. ते वापरण्याचे प्रशिक्षण मात्र सार्वजनिक गुंतवणुकीतूनच प्रत्येक संगोपनगृहापर्यंत पोहोचू शकते. विस्तार सेवेवरील खर्चाचे मूल्यमापन करताना वाचलेल्या कोषांचा हिशेब आपण अवश्य मांडावा.