भयकथेचे चित्रांतर



एडगर ॲलन पो याची ‘द टेल-टेल हार्ट’ ही कथा १८४३ साली प्रसिद्ध झाली. अमेरिकेतील यूपीए या संस्थेने १९५३ मध्ये तिच्यावर सुमारे आठ मिनिटांचा ॲनिमेशन लघुपट काढला. दिग्दर्शन टेड पार्मली यांचे, चित्रसंकल्पन पॉल ज्यूलियन यांचे आणि निवेदन जेम्स मेसन यांचे होते.

कथेत एका वृद्धाचा खून करणारा ‘मी’ अखंड बोलत असतो. आपल्या रूपाचे वर्णन मात्र करीत नाही. ज्याला लेखकाने चेहराच दिलेला नाही, त्याला रेखाटायचे कसे? या चित्रकारांनी त्याला जवळजवळ दाखविलेच नाही. जिने, सावल्या, म्हाताऱ्याचा तो निस्तेज डोळा, हे सारे आपण खुन्याच्याच नजरेने पाहतो आणि त्या कृत्यात आपलाही हात असल्यासारखे वाटू लागते. ब्रिटनमध्ये या पटाला केवळ प्रौढांसाठीचे ‘एक्स’ प्रमाणपत्र मिळाले, ते उगीच नव्हे.

अनुवादकापुढेही हीच अडचण असते. तो ‘मी’ पुरुष की स्त्री, हे पोने कोठेही स्पष्ट केलेले नाही. इंग्रजी क्रियापदाला ते सांगावे लागत नाही. मराठीत मात्र ‘मी गेलो’ की ‘मी गेले’, हे आरंभीच ठरवावे लागते. मेसन यांच्या आवाजाने चित्रपटापुरता तो निर्णय केला.

माध्यम बदलले की मूळ लेखकाने मोकळी ठेवलेली एखादी जागा भरली जातेच. आणि भयकथेतले भय तर त्याच जागेत वसत असते. म्हणून माध्यम सक्ती करील तेवढेच भरावे. उरलेले वाचकाच्या आणि प्रेक्षकाच्या कल्पनेवर सोपवावे.