चष्म्याचा नंबर आणि लेझर किरण

चष्म्याला मराठी भाषेने ‘चाळिशी’ असे नाव दिले, त्या काळी तो वयाची खूण मानला जाई. आता तो शाळेतल्या मुलाच्या नाकावर बसतो. आणि शिक्षण संपून नोकरीचा किंवा लग्नाचा प्रश्न उभा राहिला, की तो उतरविण्याची घाई सुरू होते. मग कोणी तरी सांगते की, लेझर किरणांनी नंबर दहा मिनिटांत जातो. हे सांगणे अगदीच खोटे नव्हे. प्रत्यक्ष किरणांचे काम तर मिनिटाच्या आतबाहेर उरकते. परंतु त्या मिनिटात डोळ्याचे काय बदलते आणि काय बदलत नाही, हे समजून घेतल्यावाचून कोणीही शस्त्रक्रियेस संमती देऊ नये.

डोळ्यात शिरणारा प्रकाश वळविण्याचे सुमारे दोनतृतीयांश काम बाहुलीसमोरचा पारदर्शक पडदा करतो. त्यास पारपटल म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. ऱ्हस्वदृष्टीच्या माणसाचा डोळा बहुधा लांबीने अधिक असतो. त्यामुळे दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच जुळते. पारपटलाचा मध्यभाग थोडा सपाट केला, की ती मागे सरकून जागेवर पडते. सारे तत्त्व एवढेच.

हे तासकाम करणाऱ्या किरणाची कथा मोठी रंजक आहे. १९८१ साली न्यूयॉर्क राज्यात आय. बी. एम. कंपनीच्या संशोधनशाळेत, मद्रासेत जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन यांनी सणाच्या मेजवानीतून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या तुकड्यावर अतिनील लेझर किरण सोडून पाहिला. किरण पडला तेथे सुबक खाच उमटली आणि तिच्या कडा भाजल्याही नाहीत. जेम्स विन व सॅम्युअल ब्लम हे या कामी त्यांचे सहकारी होते. पुढे १९८३ मध्ये नेत्रवैद्य स्टीफन ट्रोकेल यांच्यासह हाच किरण प्राण्यांच्या पारपटलावर वापरून पाहण्यात आला, आणि नेत्रशस्त्रक्रियेचे नवे दालन उघडले. या किरणाचा एकेक ठोका मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा, जेमतेम पाव हिस्सा काढतो.

साधन इतके अचूक असले, तरी हिशेब चुकविता येत नाही. सहा मिलिमीटर व्यासाचा भाग घडवावयाचा, तर दर एका नंबरामागे सुमारे १२ मायक्रॉन जातात. लॅसिक पद्धतीत त्याआधी सुमारे ११० मायक्रॉनांचा पापुद्रा, एका कडेला जोडलेला ठेवून, उचलावा लागतो. पारपटल ५२० मायक्रॉनांचे आणि नंबर पाच असेल, तर पापुद्र्याखाली ३५० मायक्रॉन शिल्लक राहतात. २५० च्या खाली कदापि जाऊ नये असा संकेत आहे. पण पारपटल ४८० चे आणि नंबर दहा असला, तर गाडी नेमकी त्या सीमेवर येऊन थांबते. पापुद्रा न उचलणाऱ्याही पद्धती आहेत. त्यांचे गुणदोष निराळे. मात्र एकदा काढलेला थर पुन्हा भरून येत नाही, ही गोष्ट सर्वत्र सारखीच.

म्हणून आधीची तपासणी हाच या उपचाराचा खरा गाभा. पारपटलाचा नकाशा काढून ते कोठे दुबळे किंवा शंकूसारखे पुढे आलेले नाही ना, हे पाहतात. अशा डोळ्यावर किरण चालविला, तर पारपटल पुढे फुगत जाते. दृष्टी अशी बिघडते की चष्म्यानेही ती पुरती सुधारत नाही, आणि क्वचित पारपटलाचे रोपण करण्याची पाळी येते. नेत्रवैद्याने ‘नको’ म्हटले, की ‘हो’ म्हणणारा दुसरा शोधत हिंडणारे लोक स्वतःचेच वैरी होत. वय अठराच्या पुढे असावे, नंबर वर्षभर स्थिर असावा. गरोदरपणी व मूल अंगावर पीत असता ही शस्त्रक्रिया लांबणीवर टाकावी. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स तपासणीपूर्वी एकदोन आठवडे आणि कडक लेन्स त्याहून अधिक काळ बंद ठेवावी लागते. कारण तिच्या दाबाने पारपटलाचा आकार बदलतो व माप फसते.

नंतर काही महिने डोळे कोरडे पडतात, रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात. बहुतेकांचा हा त्रास ओसरतो, काहींचा मागे उरतो. रात्री वाहन चालविणे हा ज्याचा व्यवसाय आहे, त्याने हे आधीच विचारून घ्यावे.

आणि चाळिशी? ती चुकत नाही. ती डोळ्यातील भिंगाची मरगळ. पारपटल तासून ती टळत नाही. डोळ्याची लांबीही तीच राहते, म्हणून ताणलेले दृष्टिपटल फाटण्याचा धोका पूर्वीइतकाच असतो. डोळ्यांपुढे वीज चमकू लागली किंवा पडदा सरकल्यासारखे झाले, तर चष्मा गेला म्हणून निश्चिंत न राहता तत्काळ दवाखाना गाठावा. काचबिंदूच्या तपासणीत पातळ पारपटलामुळे डोळ्याचा दाब प्रत्यक्षाहून कमी भरतो, आणि उतारवयात मोतीबिंदू काढताना भिंगाचे गणित बसविण्यास जुनी मापे लागतात. ज्या कागदावर शस्त्रक्रियेपूर्वीचा नंबर व पारपटलाची मापे लिहिलेली असतात, तो कागद घरातील दागिन्यांच्या डब्यात ठेवावा, आणि पुढे डोळे तपासणाऱ्या प्रत्येक वैद्यास दाखवावा.