घरातला राऊटर निवडताना



‘राऊटर कोणता घेऊ?’ असं मला येताजाता लोक विचारतात. मी आधी विचारतो, आहे तो कुठे ठेवलाय? बहुतेक घरांत तो दाराशी, जिथून फायबरची वायर आत आली तिथेच, टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटावर असतो. पत्रा लहरी अडवतो, स्लॅबमधल्या सळ्याही अडवतात. तेव्हा खरेदीआधी दहा-पंधरा मीटर वायर आणा आणि राऊटर घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर ठेवून पाहा. पुष्कळांची तक्रार तिथेच मिटते.

नाही मिटली, तर दुकानात जा. तिथे अँटेना मोजू नका. लहरी किती ताकदीने सोडायच्या याला सरकारी मर्यादा आहे. सहा काड्या लावल्या म्हणून ती वाढत नाही. खोक्यावरच्या मोठ्या आकड्यालाही भुलू नका. १२०० म्हणजे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचे ८६७ मेगाबिट, अशी गोळाबेरीज. तीही कागदावरची, आणि तुमचा फोन सहसा एका वेळी यातल्या एकाच पट्ट्यावर असतो.

खोकं उलटं करून पोर्ट वाचा. ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण इथे गिऱ्हाईक सरळ नाडलं जातं. १२०० लिहिलेल्या स्वस्त राऊटरवरही पुष्कळदा बारीक अक्षरांत पोर्ट १०/१०० असतात. अशा पोर्टातून सेकंदाला १०० मेगाबिटच्या वर काही जात नाही. तुम्ही दरमहा २०० चे पैसे भरता आणि घरात ९०-९५ च्या पुढे काटा सरकत नाही. मग कंपनीच्या माणसाशी वाद घालत बसता. पोर्ट गिगाबिटचेच हवेत, वायर येते तोही आणि बाकीचेही.

पट्टे दोन्ही हवेत. २.४ भिंतीपलीकडे बरा पोहोचतो, पण त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. वीस बिऱ्हाडांच्या इमारतीत तिथे गर्दी होणारच. ५ वेगवान आहे, पण भिंत लागली की मंदावतो. आपल्या जुन्या वाड्यांतल्या दीड-दोन फुटी दगडी भिंतींपुढे तर कितीही महागडा राऊटर एकटा पुरा पडत नाही. एकमेकांशी हवेतूनच बोलणाऱ्या दोन-तीन डब्यांचं मेश घेतलं, तरी त्यांच्यामध्ये तीच भिंत उभी असते. तिथे माझं मत ठाम आहे: भिंतीला भोक पाडा, लॅनची वायर ओढा, पलीकडे दुसरा डबा लावा.

वीज जाणाऱ्या गावांत छोटा यूपीएस घ्या. मात्र अॅडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवूनच. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही वीज द्यावी लागते, हे विसरू नका.

आणि सुरक्षितता. वाय-फायच्या कुलपाचा प्रकार डब्ल्यूपीए३ असेल तर उत्तम, निदान डब्ल्यूपीए२ हवंच. कंपनी किती वर्षं अपडेट देणार, हे घेण्याआधी विचारा. ते बंद झाले की सापडलेल्या फटी उघड्याच राहतात, आणि त्याच डब्यातून आपले बँकेचे व्यवहार जात असतात. कित्येक घरांत राऊटरच्या सेटिंगचा पासवर्ड अजून ‘अॅडमिन’ हाच आहे. नवा घ्या अथवा घेऊ नका, आज घरी गेल्यावर तो आधी बदला.