पोर चाललं, तरी रात्रीचे बूट सोडू नका



आमच्या गटातल्या एका सुनेला मुलगा झाला. दोन्ही पावलं आत वळलेली. “ग्रहणात विळी धरली असशील,” असं घरचेच म्हणाले. ती पोरगी रडून अर्धी झाली. म्हणून आधी हेच सांगतो, ग्रहणानं पाय वाकडे होत नाहीत. हजार बाळांत साधारण एखादं असं जन्मतं. यात आईची काही चूक नसते.

यावर इलाज आहे, आणि मोठं ऑपरेशन सहसा लागत नाही. अमेरिकेत आयोवा इथल्या डॉक्टर पोन्सेटी यांनी ही पद्धत बसवली. दर आठवड्याला पाऊल हातानं हळूहळू वळवून मांडीपर्यंत प्लास्टर घालतात. अशी पाच-सहा प्लास्टरं होतात. बहुतेक बाळांची टाचेमागची ताठ शीर बारीक छेद देऊन सैल करतात. ती पुन्हा जुळून येते. मग येतात दांडीला जोडलेले बूट. पहिले ३ महिने दिवसाचे २३ तास, पुढे फक्त झोपेत, पण चार वर्षांचं होईपर्यंत.

खरी कसोटी इथंच लागते. ते पोर चालायला लागलं तशी आजी म्हणाली, “आता कशाला लेकराला बांधून ठेवता?” बूट माळ्यावर गेले. आम्हालाही ते पटलं, आम्ही गप्प बसलो. काही महिन्यांत पाऊल पुन्हा आत वळलं. पुन्हा प्लास्टर, पुन्हा तालुक्याच्या खेपा, बुडालेली मजुरी.

नेमानं केलं तर पुढं काय होतं? लहानपणी आयोवात हा इलाज झालेल्या ४५ जणांना मोठेपणी तपासलं. तो अहवाल १९९५ साली छापून आला. तेव्हा त्यांचं सरासरी वय ३४ होतं. दुखणं आणि कामातली अडचण पाहिली, तर शंभरात ७८ जणांचे पाय चांगले किंवा उत्तम निघाले. जन्मापासून सरळ पाय असलेल्यांत हाच आकडा ८५ होता. म्हणजे फरक थोडाच. पोटरी जरा बारीक आणि पाऊल जरा लहान राहतं, त्याला घाबरू नका.

असं बाळ दिसलं की पहिल्या एक-दोन आठवड्यांतच आशाताईंना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात यावर मोफत उपचार आहेत.

आणि आम्ही आता एक ठरवलंय. गटाच्या बैठकीत हप्त्यासोबत त्या सुनेला विचारायचं, “काल रात्री बूट घातले का गं?”